कोकणात नवा फोन घेताय? मग या चुका टाळा

गणपतीच्या आधीचे दिवस आणि आंब्याचे पैसे हातात येतात तो मे महिना, या दोन वेळांना आमच्याकडे घरोघरी नवे फोन येतात. पुढच्या महिना-दोन महिन्यांत त्यातलेच काही माझ्या टेबलावर उघडून पडलेले असतात. कुडाळात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. फोन बिघडतो त्याचं वाईट वाटतं, पण त्याहून जास्त वाईट वाटतं ते याचं, की बहुतेक बिघाड घेतानाच ठरलेला असतो. माणसं तीन-तीन रात्री व्हिडिओ बघून प्रोसेसरचे आकडे पाठ करतात, आणि आपल्या घरात कुठल्या कंपनीची रेंज येते हे विचारलं की गप्प होतात. व्हिडिओ करणारा दिल्लीत किंवा बंगळुरात बसलेला असतो. त्याच्याकडे खारा वारा नाही, जांभ्या दगडाच्या भिंती नाहीत आणि जुलैत तीन दिवस गेलेली लाइटही नाही.

आयपी६८ वाचून फोन समुद्रात बुडवणं

ही चूक मी सर्वांत जास्त बघतो आणि तिचाच मला सर्वांत जास्त राग येतो.

देवबागकडचा एक मुलगा, पर्यटकांना बोटीने संगमापर्यंत फिरवणारा. महागातला फोन घेतला, पेटीवर आयपी६८, म्हणजे धूळ आणि पाणी किती सोसेल ते सांगणारा आकडा. पर्यटकांसमोर तो फोन पाण्यात धरून मासे दाखवायचा, व्हिडिओ काढून द्यायचा. संध्याकाळी टॉवेलने पुसला, रात्री फास्ट चार्जरला लावला, सकाळी फोन बंद. मग कोणीतरी सांगितलं म्हणून दोन दिवस तांदळाच्या डब्यात. तिथून काढून माझ्याकडे आणला.

सूक्ष्मदर्शकाखाली चार्जिंग जॅक बघितला. आतल्या पिनांवर हिरवट-निळा थर चढलेला, कडेला मिठाचे पांढरे कण, आणि ज्या पिनांतून चार्जिंगचा करंट येतो त्यांतली एक तर जवळजवळ खाऊन गेलेली. वरून तांदळाचं पीठ त्या सगळ्यात चिकटून बसलेलं. सिमचा ट्रे ओढला तर आतली पाणी ओळखणारी पट्टी लाल. ती पट्टी कोरडी असताना पांढरी असते; ओलावा लागला की लाल होते आणि पुन्हा पांढरी होत नाही. सर्व्हिस सेंटरवाल्याने ती बघितली आणि वॉरंटी नाकारली. मुलगा माझ्यापुढे पेटी आपटून म्हणाला, "पेटीवर लिवलेला आसा मां!"

लिहिलेलं होतं खरं, पण काय लिहिलं होतं ते कोणी समजावलं नव्हतं. आयपीनंतरचा पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी५४ म्हणजे शिंतोडे. आयपी६७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. आयपी६८ म्हणजे त्याहून कडक, पण किती खोल आणि किती वेळ हे कंपनी स्वतः ठरवते आणि बारीक अक्षरांत छापते. आयपी६९ गरम पाण्याच्या जोराच्या फवाऱ्यासाठी. या चाचण्या प्रयोगशाळेत, नव्या फोनवर, गोड्या पाण्यात होतात. समुद्राचं पाणी त्यात येत नाही.

खाऱ्या पाण्याचा घात दोन प्रकारचा. एक म्हणजे त्यातून वीज सहज वाहते, त्यामुळे ओल्या जॅकला चार्जर लावला की धातू झपाट्याने खाल्ला जातो. आणि दुसरं, पाणी सुकलं तरी मीठ मागे राहतं, आणि मीठ आमच्या हवेतला दमटपणा ओढत राहतं. म्हणून फोन वरून कोरडा दिसतो आणि आत गंज चालूच असतो.

शिवाय फोन पडला, तापला, किंवा एकदा डिस्प्ले बदलला, की आतली सीलची पट्टी पहिल्यासारखी राहत नाही. बाहेर डिस्प्ले बदललेला फोन आयपी६८ उरत नाही, असंच धरून चाला. माझ्याकडे बदललेल्यालाही मी हेच सांगतो.

तरी फोन खाऱ्या पाण्यात पडलाच तर: बंद करा. चार्जिंगला लावू नका, "जरा बघूया" म्हणूनसुद्धा नाही. आयपी६७ किंवा त्यावरचा असेल आणि काच फुटलेली नसेल, तर सिमचा ट्रे आतच ठेवून गोड्या पाण्याच्या हलक्या धारेने धुवा, जॅक खाली करून हलक्या हाताने झटका आणि पंख्याखाली ठेवा. आयपी नसलेला असेल तर धुवायच्या भानगडीत पडू नका, बंद करून त्याच दिवशी दुरुस्तीला आणा. तांदूळ नको. अॅपलनेही ग्राहकांना तांदळात ठेवू नका असंच सांगितलं आहे.

आयपी रेटिंग घ्याच, मी नको म्हणत नाही. आमच्या पावसात, स्कूटरवरून जाताना ते कामाला येतं. पण ते अपघातासाठी आहे. होडीवर जाणाऱ्यांना माझा सल्ला एकच: प्लास्टिकचा सीलबंद पाउच गळ्यात घाला आणि फोन त्यातच ठेवा.

घरात कुठली रेंज येते ते न बघता फोन घेणं

मुलगा डोंबिवलीला. गणपतीला येताना आईसाठी फोन आणला. आधी ऑनलाइन तुलना केलेली, रॅम चांगली, स्क्रीन मोठी. घर डोंगराच्या कुशीत, आणि तिथे पोचतो फक्त बीएसएनएलचा पलीकडच्या माळावरचा टॉवर. मुलगा परत गेला आणि आईला व्हिडिओ कॉल लागेना. शेजारणीच्या स्वस्तातल्या फोनवर फोरजी दिसायचं, हिच्यावर टूजी. माझ्याकडे येऊन म्हणाली, "फोन लागता रे, पण झिलाचा तोंड दिसना नाय." सिम बदललं, सेटिंग बदललं, काही नाही. शेवटी त्या मॉडेलची बँडची यादी काढली. बँड म्हणजे टॉवरशी बोलायचे लहरींचे ठरलेले पट्टे; फोनमध्ये जो पट्टा नाही, त्यावरचं नेटवर्क त्याला दिसत नाही. त्यात बँड २८ नव्हताच.

बीएसएनएलचं फोरजी ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर चालतं. ७०० म्हणजे बँड २८. कमी मेगाहर्ट्झची लहर लांब जाते, डोंगराच्या आडोशालाही थोडी वळते, जांभ्याच्या भिंतीतून आत येते. २१०० तिथवर पोचता पोचता मरते. ज्या फोनमध्ये बँड २८ नाही, त्याला त्या घरात फोरजी नाही. मग रॅम ८ जीबी असो की १६.

फाइव्हजीचंही तसंच. २०२२ च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झ एकट्या जिओने घेतलं, आणि फाइव्हजीत त्याला एन२८ म्हणतात. शहरातला वेगवान फाइव्हजी मुख्यतः एन७८ वर, म्हणजे ३३०० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो. तो वेगवान खरा, पण दोन भिंतींनी दमतो. गावात जिओ वापरणार असाल तर फोनच्या बँडच्या यादीत एन२८ आहे का ते बघा. "बारा फाइव्हजी बँड" असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. यादी उघडून आकडे वाचा.

माझी सवय सांगतो. नवा फोन घ्यायच्या आधी घरात आलेल्या पाहुण्यांचे फोन घ्या, वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं असतातच. माजघरात, मागच्या दारी आणि खळ्यात उभं राहून सेटिंगमध्ये सिमच्या माहितीत सिग्नलचा आकडा बघा. उणे ९० च्या आसपास चांगला, उणे ११५ च्या पुढे गेला की बोलणं तुटणार. कांड्या बघू नका, कांड्या प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने दाखवते. आधी सिम ठरवा, मग त्या सिमचे बँड असलेला फोन. घरात फायबरचं नेट असेल तर वाय-फाय कॉलिंग, म्हणजे टॉवरऐवजी घरच्या वाय-फायवरून कॉल, चालणारा फोन घ्या, जिओ आणि एअरटेल दोघांकडेही ती सोय आहे. जाड भिंतींच्या घरात याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

बॅटरीचं गणितही इथेच अडतं. रेंज कमी असली की फोन टॉवरशी बोलायला जास्त जोर लावतो. म्हणून ६००० एमएएचचा फोन आडगावात दुपारी संपतो आणि गिऱ्हाईक "बॅटरी डुप्लिकेट" म्हणून भांडायला येतं. जिथे फाइव्हजी येतो-जातो तिथे सेटिंगमध्ये फोरजीच ठेवा. चक्रीवादळानंतर लाइट नसते, तेव्हा हे एक बटण अर्धा दिवस वाढवून देतं.

आखातातून किंवा अमेरिकेतून फोन मागवणं

कोकणातल्या कित्येक घरांतला कोणी ना कोणी दुबईला, कुवेतला असतो, म्हणून हे वेगळं लिहितो. बऱ्याच कंपन्यांची वॉरंटी ज्या देशात फोन विकला त्याच देशापुरती असते. बँडही त्या देशाचे असतात. अमेरिकेतून आणणार असाल तर आणखी एक: तिथल्या आयफोनला १४ पासून सिमचा ट्रेच नाही, सगळं ई-सिमवर, म्हणजे फोनच्या आतच असलेल्या, काढता न येणाऱ्या सिमवर. म्हातारा माणूस सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालायला गेला तर घालणार काय? प्रेमाने आणलेली वस्तू असते, मला कळतं. पण मॉडेल नंबर आधी मागवून घ्या, मग पैसे पाठवा.

ब्रँडवरून भांडणं

रेडमी आणि पोको ही शाओमीचीच भावंडं. विवोचा आणि तिच्याच आयकूचा (iQOO) एखादा फोन आतून जवळजवळ सारखा असतो. सॅमसंगचा एम३४ आणि एफ३४ यांत नाव आणि विकायची जागा वेगळी, बाकी फोन तोच. तेव्हा "हा ब्रँड चांगला की तो" हा प्रश्न मला विचारू नका. मी उलट विचारतो: त्याचं सर्व्हिस सेंटर कुडाळ, कणकवली, रत्नागिरीत आहे का, की डिस्प्लेसाठी घाट चढून कोल्हापूरला जायचं? हे कंपनीच्या साइटवर पिनकोड टाकून बघता येतं. तेवढा धीर लोकांना नसतो, सेल रात्री बाराला संपतो ना.

दुसरा प्रश्न अपडेटचा. सॅमसंगने एस२४ ला आणि गूगलने पिक्सेल ८ ला ७ वर्षांचं वचन दिलं आहे. सॅमसंगच्या ए१६ फाइव्हजीसारख्या परवडणाऱ्या फोनलाही ६ वर्षांचं आहे. अपडेट संपले की काही वर्षांनी बँकेची अॅप कुरकुरायला लागतात. पाच वर्षं फोन वापरणाऱ्या घराला हा आकडा प्रोसेसरपेक्षा महत्त्वाचा.

बाकीच्या चुका, थोडक्यात

१०८ मेगापिक्सेलवर भाळू नका. तो कॅमेरा एरवी नऊ-नऊ ठिपके एकत्र करून १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतो. रात्रीचा दशावतार टिपायचा असेल तर ओआयएस, म्हणजे हात हलला तरी कॅमेऱ्याची भिंग सावरणारी सोय, आहे का ते विचारा. अगदी जवळून फोटो काढायचा २ मेगापिक्सेलचा मॅक्रो कॅमेरा मोजूच नका.

"८ अधिक ८ जीबी रॅम" यातली दुसरी ८ ही स्टोरेजमधून उसनी घेतलेली. ती रॅम नव्हे. स्टोरेज ईएमएमसी या जुन्या, सावकाश प्रकारचं असेल तर फोन वर्षभरात रांगायला लागतो; यूएफएस हा वेगवान प्रकार असलेलाच घ्या.

जाहिरातीतले ३०००-४००० निट्स (स्क्रीनच्या उजेडाचं माप) स्क्रीनच्या छोट्या तुकड्यापुरते असतात. दुकानदाराला सांगून डेमोचा फोन भर दुपारी रस्त्यावर नेऊन बघा. नेऊ देत नसेल तर दुसरं दुकान.

मासे विकणाऱ्या बायकांसाठी फोन घेताना स्क्रीनमधला साधा फिंगरप्रिंट घेऊन देऊ नका, ओल्या बोटाला तो ओळखत नाही. ध्वनिलहरींनी बोट वाचणारा अल्ट्रासॉनिक ओळखतो, पण तो महागड्या फोनमध्ये येतो. साधा पिन ठेवा.

पक्कं बिल घ्या. "बिलाशिवाय कमी करतो" म्हणणाऱ्याकडून घेतलेल्या फोनची वॉरंटी आणि चोरीची तक्रार, दोन्हीकडे अडचण होते. जुना फोन घेत असाल तर *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, बघा, पेटीवरच्या आकड्याशी जुळवा, आणि इंग्रजीत KYM लिहून जागा सोडून तो १५ अंकी आकडा १४४२२ वर एसएमएस करा. उत्तरात मॉडेल वेगळं आलं किंवा फोन काळ्या यादीत निघाला, तर समोरचा कितीही ओळखीचा असला तरी पैसे देऊ नका.