वडिलांच्या माघारी सातबाऱ्यावर वारस कसे लावायचे

तेरावं उरकलं की पक्षकार विचारतात, "वकीलसाहेब, नावं कधी लावायची?" तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे अर्ज द्या, ई-हक्क या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरूनही चालतो. सोबत मृत्यूचा दाखला, चालू सातबारा, आठ-अ (खातेउतारा) आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र. पोच घेतल्याशिवाय उठू नका.

खरी गडबड वारसांच्या यादीत होते. हिंदू माणूस मृत्युपत्र न करता गेला, तर बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई हयात असेल तर तीही वारस. आजीचं नाव बहुतेक जण विसरतातच. लग्न झालेली मुलगीही तितकीच हक्कदार. परवा एक भाऊ बहिणीच्या सहीचा कोरा स्टॅम्प पेपर घेऊन आला, "तिला काही नको," म्हणाला. मी तो परत केला. तिला खरंच नको असेल, तर आधी तिचं नाव लागू द्या; मग तिने दुय्यम निबंधकाकडे स्वतः जाऊन हक्कसोडपत्र नोंदवावं. आणि ताई, कोऱ्या कागदावर सही करू नका, भाऊ कितीही जिवाभावाचा असला तरी.

अर्जानंतर तलाठी नोटीस काढतात; तिच्या मुदतीत हरकत आली नाही, तर मंडळ अधिकारी फेरफार, म्हणजे नावबदलाची नोंद, प्रमाणित करतात. मग नवा सातबारा काढून प्रत्येक नाव आधारशी ताडून बघा.