सारंगखेड्याचे फोटो इंटरनेटवर टाकण्यापूर्वी

दत्तजयंतीला तापीकाठच्या सारंगखेड्यात घोड्यांच्या यात्रेचे फोटो काढले, की ते रात्रीपर्यंत कितीतरी मोबाईलवर पोहोचतात. मात्र ते कोणी काढले, हे सहसा कोणालाच ठाऊक नसते. म्हणून घरी आल्यावर प्रथम मूळ फाइली दोन निरनिराळ्या हार्डडिस्कवर उतरवाव्यात आणि मेटाडेटामध्ये, म्हणजे फोटोच्या फाइलीतच साठवलेल्या माहितीत, आपले नाव भरावे. इंटरनेटवर टाकायची प्रत वेगळी काढावी. तिची लांब बाजू २००० पिक्सेलच्या आसपास ठेवली, तर पडद्यावर फोटो नेटका दिसतो, पण मोठ्या फ्लेक्सवर तो फाटतो, म्हणजे धूसर, चौकटी-चौकटींचा दिसतो. (फ्लेक्स छापणारे आपल्याला विचारत नाहीत, हा माझा अनुभव.)

व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो, मेटाडेटा गळतो, आणि धुळीत उडालेल्या आयाळीचे सुटे केस एकमेकांत मिसळून नुसता डाग उरतो; गिऱ्हाइकाला तो ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवावा.

लग्नाच्या कामात अधिक सावध राहावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक काम देणारा असतो. त्यामुळे आपल्या इन्स्टाग्राम पानावर नमुने दाखवण्याची परवानगी हळदीच्या आधीच, बयाण्याच्या पावतीवर सहीनिशी लिहून घ्यावी.