कुत्रा जाड झालाय का, आणि झाला असेल तर काय करायचं

"लॅब आहे ना, लॅब असेच असतात" हे वाक्य सोसायटीच्या बागेत दर दोन दिवसांनी कुणीतरी म्हणतंच. नसतात हो असे. लॅब, म्हणजे लॅब्राडोर, खादाड असतो हे मात्र खरंय, आणि त्याला कारणही आहे, 2016 साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅबमध्ये पीओएमसी नावाच्या जीनचा एक तुकडा गायब असतो, त्यामुळे त्याला पोट भरल्यासारखं नीट वाटतच नाही. म्हणजे तो मागतोय याचा अर्थ तो उपाशी आहे असा होत नाही. आणि लॅबच कशाला, पग, बीगल, पॉमेरेनियन आणि घरात पाळलेले आपले देशी, सगळे फुगतात, खाऊ घालणारे हात जास्त असले की झालं.

आता ओळखायचं कसं. फोटो बघून नाही, आणि नुसत्या वजनकाट्यावरूनही नाही, कारण एकाच जातीचे दोन कुत्रे हाडापेराने वेगळे असतात. हाताने तपासायचं. कुत्रा उभा असताना मागे बसा, दोन्ही अंगठे त्याच्या कण्यावर ठेवा, बाकीची बोटं दोन्ही बाजूंच्या बरगड्यांवर पसरा आणि हलक्या हाताने मागेपुढे फिरवा, दाबायचं नाही. मग आपलाच एक हात पालथा, बोटं सरळ ठेवून, दुसऱ्या हाताची बोटं त्या हाताच्या बोटांच्या गाठींवरून फिरवा, पातळ कातडीखाली हाडं लागतात ना, बरगड्या तशा लागल्या पाहिजेत. मूठ वळल्यावर गाठी जशा टोचतात तशा टोचल्या तर कुत्रा बारीक आहे. आणि हात उताणा करून तळव्याच्या बाजूने बोटांच्या मुळाशी चाचपलं तर जसं मऊ लागतं आणि हाड शोधावं लागतं, तसं झालं तर जाड आहे, विषय संपला.

मग वरून बघा, बरगड्या संपल्या की कंबर आत गेलेली दिसली पाहिजे. बाजूने बघा, छातीपासून मागच्या पायांकडे पोटाची रेघ वर चढत गेली पाहिजे, सरळ किंवा लोंबती नाही. शेपटीच्या मुळाशी चिमटीत धरा, तिथे चरबीची गादी सापडली तर प्रकरण बरंच पुढे गेलंय. गोल्डन, पॉम, शिह त्झू असल्या केसाळ मंडळींचं डोळ्यांनी काहीच कळत नाही, त्यांना अंघोळ घालताना केस भिजले की बघायचं, खरा आकार तेव्हाच दिसतो.

डॉक्टर याचाच 1 ते 9 असा स्कोअर देतात. 4 किंवा 5 म्हणजे छान, त्यापुढे दर आकड्याला साधारण 10 ते 15 टक्के वजन जास्त धरतात. म्हणजे जो लॅब 30 किलोचा असायला हवा तो 7 वर असेल तर 36 ते 39 किलोचा झालेला असतो. पुढच्या वेळी लसीला गेलात की स्कोअर विचारा, बरेच डॉक्टर आपण विचारल्याशिवाय बोलत नाहीत कारण मालकांना राग येतो (येतोच).

बाकी खुणा म्हणजे पट्ट्याचं भोक पुढे सरकणं, गाडीत चढताना आधी आपल्याकडे बघणं, स्वतःचं मागचं अंग चाटता न येणं, थोडं चाललं की धापा. अजून एक खूण लोक धरतच नाहीत, सकाळची शी घट्ट आणि संध्याकाळची सैल, जंत नाहीत, आजारी नाही, तर पुष्कळदा खाणंच जास्त होत असतं, थोडं कमी केलं की आपोआप जागेवर येतं.

आता मोजमाप. पाकिटामागचा तक्ता ही फक्त सुरुवात आहे, आणि त्यात वजन बघताना कुत्र्याचं आजचं वजन नाही धरायचं, असायला हवं ते धरायचं, नाहीतर जाड कुत्र्याला जाडच ठेवायचा हिशोब होतो. स्वतः काढायचं असेल तर डॉक्टर लोकांचं सूत्र असं, वजनाचा 0.75 वा घात गुणिले 70, हा झाला नुसतं पडून राहायचा खर्च, आणि नसबंदी झालेल्या, पूर्ण वाढलेल्या घरगुती कुत्र्यासाठी त्याला 1.6 ने गुणायचं. गणित नको असेल तर तयार आकडे घ्या, 8 किलोच्या पगला दिवसाला साधारण 530 कॅलरी, 12 किलोच्या बीगलला 720, 30 किलोच्या लॅबला 1430 च्या आसपास. ड्राय फूडमध्ये 100 ग्रॅमला साधारण 350 ते 400 कॅलरी असतात, नेमका आकडा पाकिटावर असतो तो बघा. नसबंदीनंतर गरज 20 ते 30 टक्क्यांनी उतरते आणि भूक उलट वाढते, ऑपरेशनचे टाके निघाले की वाटीचं मापही बदललं पाहिजे, हे कोणी सांगत नाही आणि सहा महिन्यांत कुत्रा पिंप होतो.

आणि मापाचा कप वापरू नका. एकाच घरात आई सपाट भरते, बाबा शीग लावतात. किचनमधला डिजिटल काटा घ्या, ग्रॅममध्ये मोजा.

पण खरं सांगू का, वाडग्यातलं खाणं बहुतेक घरात ठीकच असतं, बोंब बाहेरच्या खाण्याची असते. ओळखीत एक बीगल आहे, असायला हवा 12 किलोचा आणि आहे 17 चा, आणि त्यांच्या घरचे शपथेवर सांगतात की पाकिटावर लिहिलंय तेवढंच देतो. एका रविवारी बसून सगळ्यांना विचारलं. आजोबांच्या सकाळच्या चहाबरोबर दोन पार्ले-जी, म्हणजे 50 कॅलरी. आजींची पहिली पोळी कुत्र्याला, वर चमचाभर तूप, "कोरडी कशी देऊ गं मुक्या जनावराला", म्हणजे 145. नातवाच्या सँडविचमधली चीज स्लाइस, 60 धरा. आणि संध्याकाळी गेटवर वॉचमनकाका, त्यांचे पुन्हा दोन पार्ले-जी. बेरीज 300 च्या वर जाते. दिवसाची गरज 720, आणि ती वाडग्यातून आधीच पूर्ण झालेली. यातल्या कोणीच जास्त दिलेलं नाहीये, प्रत्येकाने थोडंसंच दिलंय.

वरच्या खाऊसाठी नियम 10 टक्क्यांचा असतो, दिवसाच्या कॅलरीतल्या जास्तीत जास्त 10 टक्के, आणि तेवढ्या वाडग्यातून कमी करायच्या. 8 किलोच्या पगचे 10 टक्के म्हणजे 53 कॅलरी. दोन पार्ले-जी. संपला दिवसाचा कोटा, ट्रेनिंगचे ट्रीट, दाताची काडी, पीनट बटर, औषध लपवायला दिलेलं पनीर सगळं त्यातच.

यावर मला सगळ्यात उपयोगी वाटलेला उपाय म्हणजे डबा. सकाळी दिवसभराचं ड्राय फूड काट्यावर मोजून एका डब्यात काढायचं आणि घरात जाहीर करायचं की ज्याला लाड करायचेत त्याने या डब्यातून करा. दोन वेळचं जेवण पण त्यातूनच, डबा रिकामा की दुकान बंद. आजोबांना बिस्किटाऐवजी चार दाणे द्यायला सांगा, कुत्र्याला हातून काहीतरी मिळाल्याशी मतलब, आजोबांना त्याने शेपूट हलवल्याशी. वॉचमनकाकांकडे याच डब्यातली छोटी पुडी देऊन ठेवा, नाही म्हणून सांगितलं तर ते वाईट वाटून घेतात आणि मग गुपचूप देतात. आजींची पोळी बंद करायला जाऊ नका, हरणार तुम्हीच, तिचा एक घास करा, बिनतुपाचा. पितृपक्षातलं पान असेल तरी तेच, शास्त्रापुरतं, आणि खीर-वडे त्यात नकोत.

घरचं जेवण देणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. दूध-पोळी आणि दहीभात यावर कुत्रा जगतो, पण त्यात पिठूळ भाग जास्त आणि प्रोटीन कमी, म्हणून एकीकडे चरबी चढते आणि दुसरीकडे स्नायू उतरतात. शिजलेला भात 100 ग्रॅमला 130 कॅलरी, मध्यम पोळी साधारण 100, अंडं 70-75. भात कमी करून बिनचरबीचं चिकन किंवा अंडं, आणि वाटी भरलेली दिसायला उकडलेला दुधी, फरसबी, लाल भोपळा. नुसत्या घरच्या जेवणावर असेल तर कॅल्शियम वगैरेचं एकदा डॉक्टरांशी बोलून घ्याच. रविवारी मटणाची चरबी काढून त्याला टाकायची सवय असेल तर ती मोडा, तेलकट-तुपकट एकदम जास्त गेलं की स्वादुपिंडाला सूज येऊन सलाइन लागेपर्यंत पाळी येते, दिवाळीच्या फराळातही तेच. मनुका आणि द्राक्षं तर एकही नको, किडनी जाऊ शकते, शिऱ्यातल्या मनुका वेचून द्यायच्या नादी पण लागू नका. कांदा, लसूण, चॉकलेट नाही हे माहितीच असेल. चघळायला काकडी, गाजर, बिया काढलेलं सफरचंद.

"मग जास्त फिरवतो ना त्याला" असं म्हणणाऱ्यांसाठी, कुत्रा चालताना किलोमागे किलोमीटरला साधारण 1 कॅलरी जाळतो. 10 किलोच्या कुत्र्याने एक बिस्किट खाल्लं तर ते उतरवायला अडीच किलोमीटर. फिरणं सांध्यांसाठी, डोक्यासाठी हवंच, पण वजन वाडग्यातूनच उतरतं. आणि जाड कुत्र्याला एप्रिल-मेमध्ये दुपारी तर सोडाच, सकाळी नऊनंतर पण पळवू नका, चरबीमुळे अंगातली उष्णता बाहेर पडत नाही, त्यात पग असेल तर उष्माघात ठरलेला.

उतरवायचं ठरवलं की घाई नको. आठवड्याला वजनाच्या 1 ते 2 टक्के, 17 किलोच्या त्या बीगलला 170 ते 340 ग्रॅम. आत्ता नक्की किती जातंय ते आठवडाभर लिहा, आधी वरचं सगळं कापा, दोन आठवड्यांनी वजन बघा, छोटा कुत्रा असेल तर त्याला उचलून काट्यावर उभे राहा आणि आपलं वजन वजा करा, मोठ्याला दवाखान्यात न्या. नुसतं वरचं कापूनच पुष्कळांचं काम होतं. नाही झालं तर नेहमीचं खाणं 10 टक्क्यांनी कमी करा. त्याहून बरंच कमी करावं लागत असेल तर वजन उतरवायचं खास फूड डॉक्टरांकडून घ्या, कारण साधं फूड अर्धं केलं की कॅलरीबरोबर प्रोटीन-व्हिटॅमिन पण अर्धं होतं. उपास तर अजिबात नको.

तो मागणार. जेवायच्या टेबलाशी बसून असा बघणार की घास घशाखाली उतरू नये. पहिले काही दिवस मागणं उलट वाढेल, भुंकेल, पाय लावेल, त्यात एकाने एकदा जरी दिलं की त्याला कळतं की अजून ताणलं की मिळतं. आपण जेवायला बसलो की त्याचे डब्यातले दाणे जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून दुसऱ्या खोलीत द्या, हुंगून काढण्यात पंधरा-वीस मिनिटं जातात.

पिल्लांचं एक. लॅब, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन यांची पिल्लं गुटगुटीत करायची नसतात, भराभर वाढवलं की खुबा आणि हाडं बिघडतात, वर कॅल्शियमचं सिरप मनाने चालू केलं तर अजूनच. चार महिन्यांपर्यंत तीन-चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, पुढे दोनदा. जेवल्यावर पोट गोल दिसतं ते ठीक, दिवसभर गोल असेल आणि बाकी अंग बारीक असेल तर जंतांचं औषध झालंय का बघा.

हे सगळं कशाला, तर सांधे, मधुमेह, श्वास हे आहेच, पण अमेरिकेत 48 लॅबवर जन्मभर चाललेला एक अभ्यास 2002 साली छापून आला, एकाच वेतातल्या भावंडांच्या जोड्या, त्यातल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खाणं. कमी खाणारे साधारण 13 वर्षं जगले, जास्त खाणारे 11.2. आणि सांधेदुखीची औषधंही कमी खाणाऱ्यांना उशिरा लागली.

सगळं मोजूनमापून पण वजन हलत नसेल, केस गळतायत, सारखा सुस्त आहे, पाणी खूप पितोय, तर थायरॉइड आणि कुशिंगची (अंगात कॉर्टिसोल हे हार्मोन जास्त होण्याचा आजार) तपासणी करा. स्टेरॉइड किंवा फिटची गोळी चालू असेल तर तिनेही भूक वाढते, पण गोळी स्वतःहून बंद करू नका. पोट काही दिवसांतच मोठं झालं तर ती चरबी नसते, पाणी असू शकतं, त्याच आठवड्यात दाखवा. आणि भरपेट खाऊन पोट टम्म, ओकाऱ्यांचा जोर पण बाहेर काही येत नाही, लाळ, बेचैनी, असं दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी गाडी काढा, मोठ्या छातीच्या कुत्र्यांमध्ये जठराला पीळ पडतो आणि सकाळपर्यंत थांबायला वेळ नसतो.