क्वेस्ट मार्कर नसलेला आरपीजी खेळताय? निदान या चुका टाळा

‘मोरोविंड सुरू केला, पण कुठे जायचं तेच कळत नाही. गेममध्ये बग आहे का?’ हा प्रश्न दर काही महिन्यांनी कुणीतरी विचारतंच. विचारणारा बहुतेक वेळा स्कायरिम नाहीतर विचर ३ खेळून आलेला असतो. तिथे कंपासवरची खूण, म्हणजे क्वेस्ट मार्कर, सतत सांगत असते की इकडे वळ, इथे थांब, याच्याशी बोल. मोरोविंड हा २००२ सालचा आरपीजी, म्हणजे एखादं पात्र होऊन खेळायचा गेम. त्याच्या खोक्यात व्हारडनफेल बेटाचा कागदी नकाशा यायचा आणि पत्ता कळायचा तो माणसांच्या बोलण्यातून. याच मालिकेतला पुढचा गेम, ऑब्लिव्हियन, २००६ मध्ये कंपासवर बाण घेऊन आला आणि एका अख्ख्या पिढीची पत्ता ऐकायची सवय गेली. सवय पुन्हा लावता येते. पण त्याआधी काही गोष्टी करणं थांबवावं लागतं.

डायलॉग न वाचता क्लिक करत सुटणं

मार्कर नसलेल्या गेममध्ये माणूस हरवतो त्याचं पहिलं कारण हेच असतं. समोरचा चार वाक्यं बोलतो, त्यातल्या तीन वाक्यांत रस्ता असतो आणि खेळणारा चौथ्या वाक्यातलं बक्षीस वाचून चालू पडतो.

सुरुवातीचंच उदाहरण घ्या. बालमोरा गावात फायटर्स गिल्डमधला, म्हणजे लढवय्यांच्या संघातला, हास्फॅट अँटाबोलिस तुम्हाला आर्कंगथांडच्या अवशेषांतून एक ड्वेमर (नाहीशा झालेल्या एका जमातीची) कोड्याची पेटी आणायला सांगतो. रस्ताही तोच सांगतो: बालमोराच्या दक्षिणेला निघायचं, ओडाई नदी ओलांडायची, पूर्वेला मूनमॉथ किल्ल्यावरून पुढे जायचं, मग फोयाडा ममायावरचा जुना ड्वेमर पूल. फोयाडा म्हणजे लाव्ह्याने कोरलेली लांबच लांब घळ. पुलापलीकडे अवशेष आहेत आणि त्यांचं दार पाइपवरची मूठ फिरवल्यावर उघडतं. यात एकही शब्द जास्तीचा नाही.

माझ्या एका मित्राने यातला फक्त ‘दक्षिणेला’ हा शब्द घेतला. हॉस्टेलवर शेजारच्या खोलीत राहायचा, हाताने भारी चपळ, बाकीचे गेम माझ्याआधी संपवायचा. गडी बालमोराच्या दक्षिण टोकाला बाहेर पडला, नदी ओलांडलीच नाही आणि काठाकाठाने चालत राहिला. ओडाई नैऋत्येला वळत समुद्राकडे जाते, त्यामुळे तो पोचला बिटर कोस्टच्या दलदलीत, हला ओड नावाच्या कोळ्यांच्या वस्तीपाशी. त्या किनाऱ्यावर तस्करांच्या गुहा जागोजागी आहेत. पहिली गुहा दिसताच त्याला वाटलं, हेच आर्कंगथांड. आतली सगळी माणसं मारली, प्रत्येक खोकं उघडलं, प्रत्येक पिंप उचकटलं. पेटी अर्थातच नव्हती. मग तो दुसऱ्या गुहेत शिरला. रात्री उशिरा माझ्या दारावर थाप पडली: ‘आयटम स्पॉनच होत नाहीये, फाइल करप्ट आहे.’

मी त्याला जर्नल उघडायला लावलं. मोरोविंडच्या जर्नलमध्ये ‘टॉपिक्स’ नावाची यादी आहे. कुठल्या विषयावर कोण काय बोललं ते सगळं तिथे अक्षरानुक्रमे साठवलेलं असतं. नव्वद टक्के नवखे ती यादी कधी उघडत नाहीत असं मी पैजेवर सांगेन. तिथे हास्फॅटचं बोलणं शब्दन् शब्द होतं. नदी होती, किल्ला होता, पूल होता. आर्कंगथांडसारख्या धातूच्या पाइपांनी भरलेल्या अवशेषांना मातीची गुहा समजू नये म्हणून लागणारी प्रत्येक खूण त्यात होती. दुसऱ्या दिवशी तो नीट पोचला आणि पेटीच्या समोरून पुढे निघून गेला. कारण ती दागिन्यांच्या संदुकीत असेल असं त्याने मनाशी धरलं होतं. ती एका खोलीत फळीवर ठेवलेली साधी घनाकृती वस्तू आहे, आणि ती कशी दिसते हेही हास्फॅट सांगतो.

म्हणून माझी सवय: गेमशेजारी वही असते. फोनमधलं नोट्स ॲप मला चालत नाही, कारण फोन हातात आला की बोट ब्राउझरकडे जातं. वहीत प्रत्येक पत्त्याचे तीन तुकडे करतो. कुठून निघायचं, काय धरून चालायचं आणि ‘आता जास्त पुढे आलो’ हे कशावरून ओळखायचं. तिसरा तुकडा लोक कधीच लिहीत नाहीत. सांगणाऱ्याने तो दिला नसेल तर मी नकाशा बघून स्वतः ठरवतो. नदी लागली तर चुकलो, समुद्र दिसला तर फारच चुकलो, एवढं लिहिलं तरी पुरतं. माझ्या मित्राच्या वहीत ‘नदी ओलांडल्यावरच पुढे’ एवढी एक ओळ असती तर दोन गुहांमधली माणसं वाचली असती.

नाकासमोर चालणं

दुसरी चूक जरा सरावलेले लोक करतात. यांनी पत्ता वाचलेला असतो. ‘ईशान्येला आहे ना, मग ईशान्येला तोंड करू आणि चालू.’ मध्ये डोंगर येतो, त्याला वळसा पडतो, वळसा संपतो तेव्हा ईशान्य कधीच सुटलेली असते. राखेचं वादळ आलं तर समोरचे चार खडक सोडून काही दिसत नाही. मूळ गेममध्ये एरवीही फार लांबचं दिसत नाही, थोड्या अंतरावर धुकं सुरू होतं.

दिशेपेक्षा रेघ धरा. नदी, घळ, किनारा, रस्ता, तटबंदी, जे लांबवर सलग जातं ते. सह्याद्रीत फिरणारे मधल्या ढोरवाटांच्या नादी न लागता डोंगराची सोंड धरतात, तसंच हे. व्हारडनफेलमध्ये फोयाडा याच कामाचे आहेत. ते बेटाच्या मधोमध असलेल्या लाल पर्वताच्या बाजूने खाली उतरत जातात, त्यामुळे घळीच्या तळाला उभं राहिलं तरी वर कुठे आणि खाली कुठे हे कळतं. उर्शिलाकू छावणीचंच बघा. उत्तरेच्या ॲशलँड्समधली, म्हणजे राखेच्या माळरानातली, ही छावणी शोधताना निम्मे लोक गेम सोडतात. मार गानच्या उत्तरेचा फोयाडा बानी-दाद धरला की तो तुम्हाला समुद्रावर आणून सोडतो. तिथून किनारा डाव्या हाताला ठेवून पूर्वेला निघायचं आणि आतल्या बाजूला नजर ठेवायची. दोन रेघा आणि एक वळण. हेच अंतर टेकड्यांमधून सरळ कापायला गेलात तर क्लिफ रेसर नावाचे उडते प्राणी तुमचा पिच्छा सोडणार नाहीत आणि छावणीच्या जवळून जाऊनही ती दिसणार नाही.

आणखी एक युक्ती, नकाशा आणि होकायंत्र घेऊन शर्यती पळणारे लोक वापरतात ती. लक्ष्य एखाद्या रेघेवर असेल, समजा नदीकाठी, तर मुद्दाम त्याच्या एका बाजूला नेम धरायचा. बरोबर त्याच जागेवर जायला बघितलं आणि नदीपाशी पोचल्यावर लक्ष्य दिसलं नाही, तर डावीकडे वळायचं की उजवीकडे हे कळत नाही. मुद्दाम डावीकडे चुकलेला माणूस डोळे मिटून उजवीकडे वळतो. मला ही युक्ती जादूच्या कुठल्याही मंत्रापेक्षा जास्त उपयोगी पडली आहे.

चाहत्यांनी बनवलेल्या ओपनएमडब्ल्यू या नव्या इंजिनवर मोरोविंड खेळलात तर लांबचा प्रदेश दिसतो, लाल पर्वत बऱ्याच ठिकाणांहून नजरेत राहतो. दिशा कळायला मदत होते हे खरं. तरी पहिल्या खेपेला ते धुकं राहू द्या असं मी सांगेन. धुक्यात बेट प्रचंड वाटतं आणि रस्ता लक्षात ठेवायची गरज पडते. गरज पडली की रस्ते पाठ होतात.

पाट्या न वाचणं

चौकाचौकात खांब आहेत. कर्सर नेला की गावाचं नाव येतं. वाचा.

कुणाला काही न विचारणं

गेमच्या सुरुवातीला तुम्हाला बालमोरात कायस कोसाडेस नावाच्या माणसाला भेटायला पाठवतात आणि साउथ वॉल कॉर्नरक्लबात चौकशी कर असं स्वच्छ सांगतात. तरी लोक नदीच्या दोन्ही काठांवरचं प्रत्येक दार ठोठावतात! क्लबात जा, मालकाला विचारा, तो घर सांगतो. गावातल्या कुणालाही ‘समवन इन पर्टिक्युलर’ आणि ‘स्पेसिफिक प्लेस’ हे विषय विचारता येतात. ते विषय यादीत उगाच ठेवलेले नाहीत.

सगळीकडे वाहनाने जाणं

सेडा नीन या सुरुवातीच्या गावाबाहेरच सिल्ट स्ट्रायडर, म्हणजे सवारीचा अवाढव्य किडा, उभा असतो. थोडे पैसे दिले की थेट बालमोरा. पहिल्या वेळी बसू नका. पेलागियाडवरून चालत जा. बेटाच्या या भागाची ठेवण एकदा पायाखालून गेली की पुढचे सगळे पत्ते तिला लटकवता येतात. शिवाय सेडा नीनहून निघाल्यावर थोड्याच वेळात आकाशातून एक माणूस किंचाळत खाली पडतो, आणि त्याच्या अंगावर काय सापडतं ते वाहनात बसलेल्याला कधीच कळत नाही. नंतर वाहनं खुशाल वापरा. स्ट्रायडर, होड्या आणि मेजेस गिल्डचे (जादूगारांच्या संघाचे) जादूने दुसऱ्या गावी पोचवणारे मार्गदर्शक मिळून एक छान जाळं होतं, पण कुठलं टोक कुठे जोडलंय हे वहीत लिहिलेलं असेल तरच.

दार उघडत नाही म्हणजे बग, असं समजणं

मुख्य कथेतली इन्कार्नेटची गुहा फक्त पहाटे सहा ते आठ आणि संध्याकाळी सहा ते आठ या वेळात उघडते. तुम्हाला दिलेल्या कोड्यात ते आहे. कीबोर्डवरचं टी दाबून थांबा.

स्कायरिममध्ये मार्कर बंद करून शौर्य दाखवणं

ही चूक उत्साही लोक करतात आणि मला तिचं वाईट वाटतं, कारण हेतू चांगला असतो. मार्कर नसलेले गेम भारी असतात असं कुठेतरी ऐकलेलं असतं, म्हणून स्कायरिममधले मार्कर बंद करतात आणि तासाभरात कंटाळतात. २०११ चा तो गेम मार्कर असणार हे धरून लिहिलाय. माणसं ‘तुझ्या नकाशावर खूण करून देतो’ म्हणतात आणि विषय संपतो. डावीकडची टेकडी, जळकं झाड, पडका बुरूज यांतलं काही बोलण्यात बहुधा येत नाही. पत्ताच सांगितला नसेल तर तो ऐकणार कसा? जर्नलमध्ये लेखी पत्ते घालणारे मॉड, म्हणजे चाहत्यांनी केलेले बदल, आहेत, ते आधी टाका आणि मगच मार्कर बंद करा. नाहीतर सरळ असा गेम घ्या ज्यात रस्ते सांगणाऱ्या माणसांना लिहिताना कुणीतरी कष्ट घेतले आहेत. गॉथिक २ घ्या. त्यात नकाशासुद्धा आधी मिळवावा लागतो, खोरिनिसच्या बंदरात ब्राहिम नकाशे विकतो. राक्षस तुमच्या लेव्हलप्रमाणे लहानमोठे होत नाहीत, त्यामुळे रस्ता सोडून रानात शिरलात की जे समोर येईल तेच सांगेल की इथे यायची वेळ झालेली नाही. गेममधला अडथळा हासुद्धा पत्त्याचाच भाग असतो.

किंगडम कम: डिलिव्हरन्सचा हार्डकोर मोडही चांगला. १४०३ सालचा बोहेमिया, नकाशा हातात, पण नकाशावर तुम्ही कुठे आहात ते दिसत नाही आणि कंपासवर दिशा नाहीत. सूर्य बघा. सकाळी पूर्वेला असतो, आणि गेममध्येही तसाच असतो.

एल्डन रिंगमधल्या सोनेरी किरणामागे डोळे झाकून जाणं

एल्डन रिंगमध्ये ग्रेसपाशी, म्हणजे विसाव्याच्या जागेपाशी, निघणारा किरण मुख्य कथेची दिशा दाखवतो. वाट दाखवत नाही आणि ‘आत्ताच जा’ असंही म्हणत नाही. लोक त्याच्यामागे थेट स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या दारात मार्गिट या बलाढ्य शत्रूसमोर उभे राहतात, मरतात, पुन्हा मरतात आणि गेमला शिव्या घालतात. दक्षिणेला अख्खं वीपिंग पेनिन्शुला तुमच्यासाठी मोकळं पडलंय. नकाशाचा तुकडा नसलेल्या भागातही धुरकट नकाशावर रस्त्याकडेच्या शिलालेखाचं बारीक चिन्ह दिसतं, तुकडा तिथेच मिळतो. नवीन भागात शिरताना मी सगळ्यात आधी तिथे जातो आणि मग नकाशावर बीकन, म्हणजे स्वतःच्या खुणा, ठेवतो. ते पाचच ठेवता येतात, त्यामुळे काय महत्त्वाचं हे ठरवावं लागतं.

हरवल्याबरोबर विकी उघडणं

विकीवर माझा राग नाही. गेम संपल्यावर मीही तासन् तास वाचतो. पण अडल्या क्षणी ते उघडलं की एका पत्त्याबरोबर पुढची चार गुपितं डोळ्यांसमोर येतात, आणि वही बंद होते ती कायमची. कन्सोल (गेमला आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून ‘सीओसी’ टाइप करून थेट जागेवर उडी मारणारे तर काय खेळतायत हे मला खरंच समजत नाही.

हरवलात तर मोरोविंडमध्ये दोन मंत्र जवळ ठेवा. डिव्हाइन इंटरव्हेन्शन तुम्हाला जवळच्या इम्पीरियल कल्टच्या देवस्थानापाशी नेतं, अल्मसिव्ही इंटरव्हेन्शन जवळच्या ट्रायब्युनल मंदिरापाशी. सेव्ह करा, एक वापरा, कुठे पोचलात ते बघा, सेव्ह परत लोड करा, दुसरा वापरा. दोन्ही जागा नकाशावर शोधल्या की आपण साधारण कुठल्या पट्ट्यात होतो ते कळतं. यात फसवणूक अजिबात नाही, हे मंत्र त्या जगातलेच आहेत. मग सेव्ह पुन्हा एकदा लोड करा, टॉपिक्समधला तो पत्ता पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचा, आणि ज्या शेवटच्या खुणेबद्दल तुमची शंभर टक्के खात्री आहे तिथपर्यंत मागे जा. चुकलेल्या जागेवरून पुढे शोधत बसू नका.