मरीन टँकमध्ये अनोळखी किडा दिसला? मारण्याआधी या चुका टाळा

मरीन टँकचे, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या मासे-कोरलच्या टाकीचे, दिवे मालवून तासाभराने टॉर्च मारला आणि लाइव्ह रॉकच्या (समुद्रातून जिवंत जीवांसकट आणलेल्या खडकाच्या) भोकातून बोटभर लांबीचा केसाळ किडा डोकावताना दिसला, की हात आधी चिमट्याकडे नाहीतर औषधाच्या बाटलीकडे जातो. साप साप म्हणून भुई धोपटण्याचा हा प्रकार किड्यापेक्षा टाकीलाच जास्त बाधतो. खडकातून किंवा कोरलच्या (प्रवाळाच्या) तुकड्यावरून येणारे बहुतेक किडे निरुपद्रवी असतात आणि कित्येक तर फुकटचे सफाई कामगार. जे मोजके खरोखर त्रासदायक आहेत, त्यांचा प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे.

केस दिसले की फायर वर्म ठरवणे

सर्वांत जास्त होणारी चूक हीच. टाकीत सहसा सापडणारा गुलाबी-करडा, दोन्ही बाजूंना पांढऱ्या केसांचे झुपके असलेला ब्रिसल वर्म उरलेलं खाणं आणि मेलेले जीव खातो. कोरल खाणारा खरा फायर वर्म, म्हणजे हर्मोडाइस कॅरनक्युलाटा, अंगाने जाड असतो. त्याच्या प्रत्येक वळ्यावर पांढऱ्या केसांच्या शेजारी लालसर फांदीदार कल्ले दिसतात आणि डोक्यावर घड्या पडलेला मांसल तुरा असतो. तो अटलांटिक, कॅरिबियन आणि भूमध्य समुद्रातला. त्यामुळे खडक कुठल्या समुद्रातून आला हे विक्रेत्याला विचारलं तर निम्मी ओळख तिथेच पटते.

मेलेल्या गोगलगाईवर दहा ब्रिसल वर्म दिसले म्हणून ते खुनी ठरत नाहीत. ते वासावर आलेले असतात. ती कशाने मेली हे पाण्याच्या चाचणीत शोधा. यांची संख्या एकाएकी वाढली असेल तर खाणं जास्त पडतंय, एवढाच त्याचा अर्थ. खाणं कमी करा, महिना-दोन महिन्यांत संख्या आपोआप उतरते.

रंगावरून ओळख पटवणे

निळ्या एलईडीखाली किड्याचा खरा रंग कळत नाही. पांढऱ्या उजेडात फोटो घ्या. किडा हाती लागला असेल तर टाकीचंच पाणी घातलेल्या पांढऱ्या वाटीत पट्टी शेजारी ठेवून घ्या. फोटो डोक्याचा हवा, शेपटीचा काही कामाचा नाही. रात्री पाहायचं असेल तर टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावा. पांढरा झोत पडताच बहुतेक किडे आत जातात.

डोक्यावर ओळीने पाच शिंगं, अंगावर इंद्रधनुषी झाक आणि झोत पडताच डोळ्याचं पातं लवायच्या आत भोकात गडप, असं दिसलं तर तो युनिसिड गटातला आहे. भोकात दबा धरून मासे पकडणारा बॉबिट वर्म याच गटातला. मात्र प्रत्येक युनिसिड बॉबिट नसतो. लहान असताना बरेच जण शेवाळ आणि शिंपल्यांचे तुकडे ओढून भोकाच्या तोंडाशी चिकटवत बसतात. कोरलचे लचके तुटलेले दिसू लागले किंवा मासे गायब होऊ लागले, तेव्हा मात्र थांबू नका.

नारिंगी, बुळबुळीत, बाहेरून केस न दिसणारा किडा असेल आणि गोगलगाई, शिंपले चिकट द्रवात गुरफटून एकामागून एक रिकामे होत असतील, तर संशय इनोन फल्जिडावर घ्यायचा. हा रात्रीच निघतो, म्हणून महिनोन्महिने दोष खेकड्यावर जातो.

हाताने धरणे, ओढणे

ब्रिसल वर्मचे केस ठिसूळ असतात, कातडीत घुसून तिथेच मोडतात आणि आग होते. पातळ लॅटेक्सच्या हातमोज्यांतूनही ते आरपार जातात. वर्मावर बोट ठेवायचं नसतं, ते इथे अगदी शब्दशः. टोचलेच तर चोळू नका. चिकटपट्टी दाबून ओढा, मग व्हिनेगर लावा. सूज वाढली किंवा श्वास लागला तर डॉक्टर गाठा.

भोकातल्या किड्याला चिमट्याने ओढलं तर तो तुटतो. ब्रिसल वर्मच्या काही जाती तर तुकड्यांतूनच वाढतात, युनिसिडचा पुढचा भाग नवी शेपूट काढतो आणि आत राहिलेला मेलेला तुकडा कुजून अमोनिया वाढवतो.

साध्या ब्रिसल वर्मसाठी सापळा पुरतो: झाकणाची प्लास्टिकची नळी, 5-6 मिमीची दोन-तीन भोकं, आत कोळंबीचा तुकडा. दिवे जाताना वाळूवर ठेवा आणि सकाळी दिवे लागण्याआधी काढा. युनिसिड सापळ्यात येत नाही, कारण तो शेपूट भोकात रोवूनच शिकार करतो. त्याचा खडकच बाहेर काढावा लागतो. कोरल नसलेला खडक असेल तर बादलीवर धरून भोकात सिरिंजने साधा, बिनसाखरेचा, बिनमिठाचा, बाटलीतला फसफसणारा सोडा वॉटर सोडा. किडा सहसा स्वतःच बाहेर पडतो. दुसरा उपाय म्हणजे टाकीच्याच तापमानाचं, पण नेहमीच्या 1.026 ऐवजी 1.040 घनतेचं, म्हणजे जास्त खारं पाणी आणि त्यात दोन-तीन मिनिटांची बुडी. गोड्या पाण्यात खडक बुचकळला तर किड्यासोबत त्यावरचे उपयोगी जीवही मरतात आणि नंतर टाकीत तेच कुजतात.

जो किडा नाहीच, त्यावर औषध

काचेवरच्या 1-2 मिमीच्या पांढऱ्या चकलीसारख्या नळ्या स्पायरॉर्बिड किड्यांच्या असतात, त्या राहू द्या. कडक नळीतून कोळ्याच्या जाळ्यासारखे चिकट धागे सोडणारा व्हर्मेटिड ही गोगलगाय आहे, किड्याचं औषध तिच्यावर वाया जातं. नळीचं तोंड सुपरग्लू जेलने बुजवा. खडकातून निघून वाळूवर पसरलेले पांढरे लांब धागे स्पघेटी वर्मचे, उपकारक.

लाल फ्लॅटवर्मवर एकदम पूर्ण डोस

गंजाच्या रंगाचे, पाच-सहा मिमीपर्यंतचे, मागे तीन टोकं असलेले चपटे किडे म्हणजे लाल फ्लॅटवर्म, उर्फ लाल प्लॅनेरिया. जिवंत असेपर्यंत ते कोरलवर सावली धरण्यापलीकडे फार काही करत नाहीत. धोका ते मरतात तेव्हा असतो. हजारो एकदम मेले तर त्यांच्या अंगातलं विष पाण्यात उतरतं आणि संध्याकाळपर्यंत मासे धापा टाकू लागतात. म्हणून आधी आठ-दहा दिवस एअरलाइनच्या नळीने शोषून काढा. ते पाणी गाळून परत घालू नका, चिरडलेल्या किड्यांचं विष त्यातच असतं. संख्या अगदी कमी झाली की खडक-वाळूची जागा वजा करून खरं पाणी किती लिटर आहे ते मोजा आणि पाकिटावरच्या मात्रेने फ्लॅटवर्मचं औषध द्या. ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन आणि टाकीतलं 25 टक्के पाणी बदलता येईल इतकं ताजं खारं पाणी औषध देण्याआधीच तयार हवं. किडे गळून पडू लागले की शोषत राहा.

डिप दिला, काम झालं

ॲक्रोपोरा हे फांद्यांचं कोरल खाणारा फ्लॅटवर्म कोरलच्याच रंगात मिसळतो. फांद्यांवर गोल फिकट डाग दिसले तर बुडख्याच्या मेलेल्या भागावर भिंगाने तपकिरी अंड्यांचे पुंजके शोधा. डिपने, म्हणजे औषधाच्या पाण्यात कोरल थोडा वेळ बुडवल्याने, किडे गळतात, अंडी जशीच्या तशी राहतात आणि साधारण तीन आठवड्यांत फुटतात. पाणी थंड असेल तर आणखी उशिरा. अंडी ब्लेडने खरवडा किंवा तो बुडखाच कापून टाका. मग तुकडा वेगळ्या टाकीत ठेवून दर आठवड्याला डिप द्या आणि हे निदान सहा आठवडे चालू ठेवा. डिपच्या बादलीतलं पाणी मुख्य टाकीत जाता कामा नये, आणि तुकडा ज्या प्लगवर (चिकटवलेल्या छोट्या बैठकीवर) आला होता तोही टाकून द्या.