लहान डोळ्यातला काचबिंदूचा झटका: रात्रपाळीच्या रेसिडेंटांसाठी

‘पित्त उसळलंय’ म्हणून आधी भलत्याच ठिकाणी इंजेक्शन घेऊन, उलट्या करत पेशंट तुमच्यापर्यंत पोचतो. डोळा लाल, बाहुली अर्धवट मोठी आणि टॉर्चला ढिम्म, डोळ्यातला दाब पन्नाशीच्या पुढे. एवढ्यावर निदान कोणीही करेल. तुम्ही त्याचा चष्मा मागून घ्या. भिंगं मध्ये जाड, नंबर प्लस दहा-बारा, आणि चष्म्यामागे मोठे दिसणारे डोळे चष्मा काढताच बारीक, खोल गेलेले दिसले, तर सावध व्हा. दुसऱ्या डोळ्याची लांबी मोजा. मोठ्या माणसाचा डोळा साधारण 23-24 मिमी असतो. इथे 20 किंवा त्याहूनही कमी भरेल.

डोळा लहान असला तरी आतलं भिंग मात्र नेहमीच्याच आकाराचं. ते आयरिसला (बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला) पुढे रेटतं आणि अँगल, म्हणजे डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट, बंद होतो. शिवाय स्क्लेरा, म्हणजे डोळ्याचं पांढरं बाहेरचं कवच, जाड. रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा त्यातून जाताना आवळल्या जातात आणि कोरॉइडखाली (त्या कवचाच्या आतल्या रक्तवाहिन्यांच्या थराखाली) पाणी साचतं. खरी गोम इथे आहे.

आधी उलटी थांबवा, नाहीतर दिलेली गोळी बेसिनमध्ये जाईल. दमा नसेल तर टिमोलॉल, जोडीला ब्रिमोनिडीन, स्टेरॉइडचे थेंब. ॲसिटाझोलामाइड 500 मिग्रॅ. सल्फाची ॲलर्जी आणि किडनीचं विचारूनच. दाब हटत नसेल तर 20 टक्के मॅनिटॉल, किलोला 1 ग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 300 मिली. हृदयाचा पेशंट असेल तर फिजिशियनला उठवा. झोपमोड झाली म्हणून तो रागावेल, रागावू दे.

पायलोकार्पिन (बाहुली लहान करणारे थेंब) सवयीने टाकत सुटू नका. त्याने भिंग आणखी पुढे येतं आणि या डोळ्यात उलटा परिणाम होऊ शकतो. बी-स्कॅन, म्हणजे डोळ्याची सोनोग्राफी, करा. कोरॉइड उचललेलं दिसलं तर पायलो बंद. तिथे ॲट्रोपिन आणि स्टेरॉइड कामाला येतात. पण ते स्कॅन बघून, सीनियरला विचारून. ॲट्रोपिन बाहुली मोठी करतं, अंदाजाने टाकलंत तर पंचाईत. दोन्ही डोळ्यांचे अँगल एकदम बंद झाले असतील तर अर्धशिशीसाठी टोपिरामेट चालू आहे का, हेही विचारा; त्या औषधानेही असं होतं.

कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) निवळला की लेझर इरिडोटॉमी, म्हणजे आयरिसला बारीक भोक, दुसऱ्या डोळ्यालाही. भोक पडलं म्हणून लगेच घरी पाठवू नका. पुन्हा गोनिओस्कोपी, म्हणजे खास काचेतून अँगलची तपासणी, करा. अँगल तसाच बंद असेल तर इरिडोप्लास्टी, म्हणजे लेझरने आयरिसची कड आकसवून अँगल मोकळा करणं.

पुढे बहुतेकदा भिंग काढावं लागतं. तापलेल्या डोळ्यावर घाईने नको, आणि ज्याचा या डोळ्यांवर हात बसलाय त्याच्याकडेच पाठवा. त्या जागी बसवायच्या लेन्सची पॉवर 40 च्या पुढे जाऊ शकते, ती आधी मागवावी लागते. आत शिरताच दाब एकदम पडला तर कोरॉइड फुगतं, कधी मागे रक्तस्राव होतो. म्हणून काही सर्जन आधीच स्क्लेरात खिडक्या करून ठेवतात. ट्रॅबेक्युलेक्टॉमीला (पाण्याला बाहेर नवी वाट करून देणाऱ्या ऑपरेशनला) मी याच कारणाने शक्यतो हात लावत नाही.

डिस्चार्जच्या कागदावर सख्ख्या भावंडांची आणि मुलांची तपासणी लिहा. हे पुष्कळदा घराण्यात असतं. त्यांची बाहुली मोठी करायचे थेंब मात्र अँगल बघितल्यावरच.