वाफेच्या पाइपावर लेप चढवताना या चुका टाळा

गोंदिया-भंडाऱ्याकडच्या उसना (उकड्या) तांदळाच्या गिरण्यांत एक समजूत फार पक्की आहे: थर जितका जाड, तितकी उष्णता कमी जाणार. सपाट भिंतीला हे लागू पडतं. गोल पाइपाला नेहमीच नाही.

एका गिरणीत बॉयलरपासून हौदापर्यंतच्या अर्धा इंची पाइपावर दोन बोटं जाड मातीचा लेप होता. हौदात वाफ कमी, पाणीच जास्त येत होतं. मालक म्हणाले, “भाऊ, लेपाले हात लावून पाहा नं, पाइपापेक्षा चटका कमीच हाय.”

चटका कमी होताच. पण त्रिज्या १०.६५ मिमीवरून ४० झाली, म्हणजे हवेला उष्णता देणारी जागा जवळपास चौपट! वाहकतेला (लेपातून उष्णता किती सहज जाते) संवहन गुणांकाने (पृष्ठभागावरून हवा ती किती झपाट्याने नेते) भागलं की क्रांतिक त्रिज्या मिळते, म्हणजे लेपासकट ज्या त्रिज्येला गळती सर्वात जास्त असते ती. मातीची वाहकता ०.७ आणि शेडमधल्या हवेचा गुणांक १० धरला, तर ती येते ०.०७ मीटर, म्हणजे ७० मिमी. तिथपर्यंत प्रत्येक थर उष्णतेची गळती वाढवतो. इथे ती उघड्या पाइपाच्या दुपटीहून जास्त होती आणि तेवढा भुसा रोज फुकट जळत होता. ग्लास वूलची (काचेच्या तंतूंच्या लोकरीची) वाहकता ०.०४, म्हणून क्रांतिक त्रिज्या फक्त ४ मिमी. त्याचा २५ मिमी थर दिला की गळती उघड्या पाइपाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत येते. हा एका ओळीचा भागाकार केल्याशिवाय मी लेपाला हात घालू देत नाही. ‘आधी थापू, मग बघू’ म्हणणाऱ्यांची मला मनापासून चीड येते.

‘अर्धा इंची’ पाइप बाहेरून २१.३ मिमी असतो. नावावर जाऊ नका. मी सुतळीने घेर मोजतो आणि ६.२८ने भागतो, की बाहेरची त्रिज्या मिळते.

गोल थराचा विरोध, म्हणजे उष्णतेला होणारा अडथळा, काढायला बाहेरच्या-आतल्या त्रिज्यांच्या भागाकाराचा ‘एलएन’ (नैसर्गिक लॉग) लागतो. डिप्लोमाची पोरं कॅल्क्युलेटरवर त्याऐवजी ‘लॉग’ (दहाच्या पायाचा) दाबतात. थराचा विरोध २.३ पट कमी निघतो.

काही जण घाईत भिंतीचं सूत्र लावून पाइपाचंच क्षेत्रफळ घेतात. वरच्या ग्लास वूलला तसं केलं तर थराचा विरोध खऱ्याच्या जवळपास दुप्पट दिसतो आणि कागदावर सगळं छान वाटतं.

उघड्यावरच्या पाइपाला शेडमधला गुणांक लावू नका. वारा तो कितीतरी वाढवतो.

आणि पावसाळ्याआधी पत्र्याचं आवरण तपासा. पाण्याची वाहकता ०.६, म्हणजे ग्लास वूलच्या पंधरापट. पत्र्याचा जोड कायम खालच्या बाजूला ठेवा. वर ठेवला, की पाणी थेट आत मुरतं.